पाक बाहारोमचं मौन

पाक बाहारोम, म्हणजे बाहारोमकाका, पाण्यावर मुका आणि जमिनीवर तोफखाना, असं त्याच्या गावात सगळे म्हणत. यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं होतं. पहिल्यात थोडी सवलत द्यावी लागे. कारण पाण्यावर तो गप्प असे तो काजव्यांसाठी, आणि काजव्यांच्या वाटेला कुणी गेलं की तोफखाना तिथेही सुरू होई.

संध्याकाळची नमाज आटोपली की नदीच्या धक्क्यावर लाल दिवा लागायचा आणि वल्ह्याच्या होड्या ओळीने उभ्या राहायच्या. एका होडीत चार पाहुणे आणि एक नावाडी. इंजिन नाही, दिवा नाही, बोलणं नाही. भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांत शिरलेलं असे, आणि वळणावळणावर चिपीची झाडं उभी असत. काजवे बसायचे ते फक्त चिपीवर. शेजारच्या तिवराला किंवा निपा ताडाच्या झापांना ते विचारतही नसत. सगळं झाड एका वेळी उजळायचं, एका वेळी विझायचं, पुन्हा उजळायचं, जसं काही हजारो जणांनी मिळून एकच श्वास घ्यावा. दिवा दाखवला की मात्र झाड काळं पडे. ते पुन्हा कधी पेटेल हे त्याच्या मर्जीवर.

बाहारोमचा बाप मासेमारी करायचा. रात्री परतताना नदीचं कुठलं वळण आलं हे त्याला चिपीची झाडं सांगायची. सगळ्यांत मोठी चिपी शेवटच्या वळणावर होती. तिला बाप ‘थोरली’ म्हणायचा आणि ती दिसली की घर आलं असं समजायचा. बाप गेला, जाळी गेली, मासेही बरेचसे गेले. थोरली होती तिथेच होती, आणि बाहारोम रोज चार अनोळखी माणसांना तिच्यापाशी नेऊन आणत होता.

अशा माणसाच्या होडीत फोन चमकवणाऱ्याचं काय होत असेल ते सांगायला नको. एकदा एका बँकेच्या साहेबाचा फोन त्याने सरळ काढून घेतला, लुंगीच्या कनवटीला लावला आणि धक्क्यावर उतरल्यावर परत दिला. कुजबुजणाऱ्या नव्या जोडप्याला, “आयुष्यभर बोलायचंय, आत्ता कसली घाई?” असं म्हणून गप्प केलं. त्याचा जोडीदार नावाडी समद म्हणायचा, “बाहारोमच्या होडीत बसणं म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीत उभं राहणं.” तरी लोक त्याचीच होडी मागायचे, कारण त्याच्या होडीतून काजवे खरोखर दिसायचे.

पण हीच जीभ त्याच्या घरात एकदा महागात पडली होती.

त्याची मुलगी सुराया सरकारी दवाखान्यात नर्स होती. काही वर्षांपूर्वी तिला क्लांगहून एक स्थळ आलं होतं. मंडळी चांगली होती, चहा झाला होता, बोलणी रंगात आली होती. तेवढ्यात मुलाच्या मामाने सहज म्हणून सुचवलं, की एवढी वल्ही मारण्यापेक्षा तुम्ही लोक होड्यांना इंजिनं का बसवत नाही. बाहारोमने त्या मामाला इंजिन, डिझेल, लाटा, चिपीची मुळं आणि माणसाची अक्कल या विषयांवर एवढं ऐकवलं की मामाच्या हातातला चहा गार झाला. मंडळी उठली ती परत आलीच नाहीत. सुराया त्या वेळी वडिलांना एका शब्दाने बोलली नाही. तिला तो मुलगा फारसा पसंत नव्हता असं ती म्हणाली. बाहारोमने ते खरं धरलं, पण मनात कुठेतरी सलत राहिलं ते राहिलंच.

आता सुराया तिशी ओलांडून पुढे गेली होती, आणि या वेळी मुलगा तिने स्वतः शोधला होता. नाझमी त्याचं नाव. सबाकच्या शाळेत मास्तर. आईबाप लहानपणीच गेलेले, त्याला वाढवलं होतं त्याच्या थोरल्या आत्याने. तिला सगळे माक लोंग म्हणत. माक लोंगने हो म्हटल्याशिवाय नाझमी लग्न करणार नव्हता.

“मला हाच हवाय, आबा,” सुराया एका सकाळी दारात बसून वडिलांना म्हणाली. “मी तुम्हाला आत्तापर्यंत काही मागितलं नाही. एवढंच मागते. माक लोंग आपल्याकडे येणार आहे बघायला.”

“येऊ दे की. कधी?”

“तेच तर. ती सांगून येणार नाही. जुन्या वळणाची आहे. तिच्या गावात अजून रीत आहे, मुलीकडे कुणीतरी गुपचूप जाऊन बघून येतं. मिरच्या विकत घ्यायला आले म्हणेल, नाहीतर रस्ता चुकले म्हणेल. कधी येईल, काय बनून येईल, ती नाझमीलासुद्धा सांगत नाही.”

“मग फोटो दाखव. मी ओळखतो.”

“फोटो काढू देत नाही ती. नाझमी म्हणतो, कॅमेरा दिसला की चप्पल उचलते.”

“बाई पाणीदार दिसते,” बाहारोम खूश होऊन म्हणाला.

“आबा, हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही मला शब्द द्या. कुणी काहीही बोललं, काहीही केलं, तुम्ही गप्प राहायचं. कोण माक लोंग असेल सांगता येत नाही.”

चुलीपाशी बसलेली रोकियाह म्हणाली, “अगं, त्यांना गप्प बसायला सांगतेस, की श्वास घेऊ नका म्हणतेस?”

“तू मध्ये पडू नकोस,” बाहारोमने बायकोला सांगितलं आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “शब्द दिला. तुझं लग्न ठरेपर्यंत माझ्या तोंडाला कुलूप.”

त्यानंतरचे दिवस त्या घराने कसे काढले ते गावाने पाहिलं. रोकियाहने पायऱ्या रोज धुवायला सुरुवात केली आणि रोज ओंदे-ओंदे करून ठेवायची, तांदळाच्या त्या हिरव्या गोळ्या, ज्या तोंडात फुटल्या की आतला गूळ हनुवटीवर येतो. कुणीही अनोळखी बाई दारात आली की तिला बसवून खाऊ घालायची. पाण्याचं मीटर बघायला आलेल्या बाईने बशीभर खाल्ल्या. प्लास्टिकचे डबे विकणारी आली, तिने खाऊन वर दोन डबे गळ्यात मारले. डासांचं औषध फवारायला आलेली एक मुलगी तर इतकी लहान होती की ती कुणाची आत्या असणं शक्यच नव्हतं, पण रोकियाहने धोका पत्करला नाही.

बाहारोमने दिलेला शब्द पाळला. शेजाऱ्याच्या बकऱ्यांनी त्याची भेंडी खाल्ली तरी तो, “खाऊ दे, मुकं जनावर,” असं म्हणाला. ते ऐकून शेजारी घाबरला आणि रात्री चौकशीला आला, की पाक बाहारोमची तब्येत बरी आहे ना.

अशातच, एका अमावास्येच्या आसपास, धक्क्यावर ती रेशमी बाई आली.

अंगात जांभळा रेशमी झगा, हातात कोपरापर्यंत सोन्याच्या बांगड्या, बरोबर एक किडकिडीत नवरा. ती बाकीच्यांसारखी रांगेत उभी राहिली नाही. सरळ बाहारोमपुढे आली आणि विचारू लागली, “ही होडी तुमची स्वतःची का हो? किती वर्षं झाली? मुलंबाळं किती? मुलगी काय करते?”

मुलगी काय करते! धक्क्यावर येणारी माणसं मगरी आहेत का विचारतात, डास चावतात का विचारतात. मुलगी काय करते हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याने समदला डोळ्याने खूण केली आणि चेहऱ्यावर जे हसू आणलं ते त्याच्या चेहऱ्याला मुळीच शोभत नव्हतं.

“नर्स आहे हो माझी मुलगी. अतिशय शांत. या, या, इथे बसा, इथे पाणी लागणार नाही.”

त्याने रेशमी बाईला आणि तिच्या नवऱ्याला मधल्या कोरड्या फळीवर बसवलं. स्वतःच्या खांद्यावरचं फडकं तिच्याखाली अंथरलं. रोकियाहने नावाड्यासाठी बांधून दिलेली ओंदे-ओंदेची पुडीसुद्धा तिच्या हातात ठेवली. होडीत अजून दोन जागा होत्या. एकीवर एक कॉलेजातला मुलगा बसला. दुसरी, अगदी टोकाची आणि ओली, एका म्हातारीच्या वाट्याला आली. तिच्या पायात रबरी चपला, काखेत पुरुषी छत्री. कुणीतरी बाजारहाट करून जाता जाता आलेली असावी. बाहारोमने तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

होडी निघाली. लाल दिवा मागे पडला आणि काळोखाने सगळ्यांना आत घेतलं. वल्हं पाण्यात जायचा आणि निघायचा तेवढा आवाज. काठावरच्या चिखलात कुठेतरी खेकडे टकटक करत होते. पहिली चिपी आली. झाड उजळलं, विझलं, उजळलं. कॉलेजातल्या मुलाने श्वास रोखून धरला.

आणि रेशमी बाईने फोनचा झगझगीत दिवा लावून झाडावर मारला.

“अय्या, किती किडे!” ती म्हणाली. “एवढुसे तर आहेत.”

झाड काळंठिक्कर पडलं. बाहारोमच्या तोंडाशी आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याला सुरायाचा चेहरा दिसला, दारात बसलेली, ‘एवढंच मागते’ म्हणणारी. त्याने दात आवळले आणि वल्हं मारलं. मागून येणाऱ्या होडीतल्या समदने खाकरून पाहिलं. आता स्फोट होणार म्हणून त्याने आपली होडी दोन हात लांबही घेतली. पण काहीच झालं नाही.

दुसऱ्या झाडापाशी बाईने पुन्हा दिवा लावला. तिसऱ्यापाशी नवऱ्याला झाडाच्या बाजूला बसवून त्याचे फोटो काढले. “हसा ना जरा,” असं ती त्याला ओरडून सांगत होती. होड्यांची रांग अंधारात खोळंबली. होडीच्या ओल्या टोकावरून म्हातारी हळूच म्हणाली, “नावाडीदादा, दिव्याचा काही नियम नाही का हो तुमच्याकडे?”

“आहे हो, काकी,” बाहारोम तितक्याच हळू म्हणाला. “पण पाहुणे आहेत. चालायचंच.”

शेवटच्या वळणावर थोरलीपाशी आल्यावर रेशमी बाईने दिवा लावला तेव्हा बाहारोमने मान फिरवून दुसऱ्या काठाकडे पाहिलं. बापाच्या झाडाकडे पाठ करून बसायची त्याच्या आयुष्यात ही पहिलीच वेळ होती. त्याला स्वतःची लाज वाटली, पण मुलीसाठी माणूस काय करत नाही, असं म्हणून त्याने ती गिळली.

धक्क्यावर समद जवळ आला. “काय रे, तुझी वाचा बसली की काय? की होडीत तुझ्या जागी दुसराच कुणी होता?”

“गप. सोयरीक जुळतेय,” बाहारोम कुजबुजला.

घरी येऊन त्याने विजयी मुद्रेने सगळं सांगितलं. रोकियाहने अल्लाचे आभार मानले. सुरायाने लगेच नाझमीला फोन लावला, आणि बोलता बोलता तिचा चेहरा उतरत गेला.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, माक लोंग आजच आली होती हे खरं आहे,” सुराया फोन खाली ठेवत म्हणाली. “पण तिच्याकडे रेशमी कपडे नाहीत, आबा. ती रबरी चपला घालून गेली होती. तिच्या नवऱ्याची छत्री घेऊन.”

रेशमी बाई ईपोहकडची कुणी सुट्टीला आलेली मुख्याध्यापिका निघाली, जी भेटेल त्याला मुलंबाळं विचारणारी.

आठवड्याभराने निरोप आला. तोही धड नव्हता. घर छान आहे, मुलगी मी दवाखान्यात जाऊन पाहिली, तीही छान आहे, पण थोडं थांबू या, असं माक लोंग म्हणाली होती. का, ते तिने नाझमीलाही सांगितलं नव्हतं. त्या रीतीच्या लोकांत ‘थांबू या’ म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असतं. नाही म्हणायची ती सभ्य पद्धत आहे.

कारण बाहारोमने स्वतःच शोधून काढलं. “ओल्या फळीवर बसवलं मी तिला,” तो रोकियाहला सांगत राहिला. “दुसरीला फडकं अंथरलं, दुसरीला ओंदे-ओंदे दिले, आणि मुलाच्या आत्याला साधं पाणी विचारलं नाही. का नाही रागावणार? बोललो तेव्हा एक स्थळ घालवलं, गप्प बसलो तेव्हा दुसरं घालवलं. मला नदीत बुडवा एकदाचं.”

“नदीत कशाला? नदीने काय केलंय?” रोकियाह म्हणाली. मग त्याच्याकडे बघून तिला वाईट वाटलं आणि तिने त्याच्यापुढे चहा ठेवला.

सुराया मात्र नेहमीसारखी कामावर जात होती, येत होती. सरपंचाच्या बायकोला सुई घ्यायला भीती वाटते म्हणून तिला भर दवाखान्यात झापणारी ही मुलगी आता घरात पाऊल न वाजवता वावरायची. एका रात्री बाहारोम कामावरून आला तेव्हा ती मागच्या पायरीवर अंधारात बसली होती. त्याला पाहून तिने घाईघाईने चेहरा पुसला. काही बोलावं असं त्याला वाटलं, पण ज्या जिभेने एवढं रामायण केलं तिच्यावर त्याचा भरवसाच उरला नव्हता.

पुढची अमावास्या आली. धक्क्यावर रांग लागली होती. बाहारोम होडीतलं पाणी उपसत होता, तेवढ्यात समदने त्याला कोपराने ढोसलं. रांगेच्या शेवटी रबरी चपला घातलेली म्हातारी उभी होती. काखेत छत्री.

बाहारोमच्या हातातला डबा पाण्यात पडला.

“सगळ्यांना तुझ्या होडीत घे,” तो समदला म्हणाला.

“सगळ्यांना? बुडवू का त्यांना?”

“मग त्या पलीकडच्याकडे दे. माझ्या होडीत आज एकच माणूस बसणार.”

त्याने मधली फळी पुसली, मग अंगातला सदरा काढून पुन्हा पुसली. चौकीदाराच्या खुर्चीवरची उशी मागून आणली. म्हातारीला हात देऊन बसवलं, ओंदे-ओंदेची पुडी दिली, पाण्याची बाटली दिली, छत्री ठेवायला कोरडी जागा करून दिली. तिने ओळख दाखवली नाही, आणि याने घेतली नाही. बघायला येणाऱ्याला ओळखायचं नाही अशीच रीत आहे. ती सगळं घेत गेली आणि एवढंच म्हणाली, “मागच्या वेळी एवढा थाट नव्हता.”

“आज भरती चांगली आहे,” बाहारोम म्हणाला.

होडी निघाली. पाणी इतकं स्थिर होतं की झाडावरचे काजवे खाली पाण्यातही उजळत होते. पहिली चिपी गेली, दुसरी गेली. म्हातारी मांडीवर हात ठेवून बघत होती. बाहारोम दर झाडापाशी वल्हं थांबवायचा आणि तिला पुरेसं पाहू द्यायचा. आज त्याने ठरवलं होतं की ही बाई नदीत उडी मारते म्हणाली तरी हो म्हणायचं. सुरायाचं नशीब त्या फळीवर बसलं होतं आणि आता चूक करून चालणार नव्हतं. काळोखात त्याचं मन हळूहळू निवत गेलं. जमेल, असं त्याला वाटू लागलं.

शेवटच्या वळणावर थोरली आली. आज ती मुळापासून शेंड्यापर्यंत भरली होती. बाहारोमने होडी तिच्या फांद्यांखाली नेली आणि वल्हं मांडीवर आडवं घेतलं.

म्हातारीने पिशवीत हात घातला, एक लांबलचक बॅटरी काढली आणि थोरलीच्या तोंडावर प्रकाशाचा झोत सोडला.

झाड विझलं.

बाहारोम गप्प बसला. झोत एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला. म्हातारी सावकाश, एखाद्या दुकानातलं कापड निवडावं तशी, पानापानावर उजेड फिरवत होती. बाहारोमने सुरायाला आठवलं, पायरीवर चेहरा पुसणारी. त्याने ओठ चावले. झोत बुंध्याशी आला, जिथे त्याचा बाप होडी बांधून विडी ओढायचा, आणि तिथून पुन्हा वर चढू लागला.

“माक लोंग!” बाहारोम ओरडला, आणि त्याचा आवाज नदीच्या दोन्ही काठांवर आपटला. “विझवा तो दिवा! आधी विझवा! तुम्ही थोरल्या असाल तुमच्या घरी, इथे थोरलं ते झाड आहे. आमची मुलगी नका करू पाहिजे तर, पण माझ्या होडीत बसून हे नाही चालायचं. कुणीही असा!”

लांबच्या होड्यांमध्ये कुणीतरी दचकल्याचा आवाज आला. समद तर, ‘आला एकदाचा ताळ्यावर’ असं काहीतरी पुटपुटला.

बॅटरी विझली.

आपण काय केलं हे बाहारोमला तेव्हा कळलं. नुसता ओरडलाच नव्हता, बघायला आलेल्या बाईला नावाने हाक मारली होती. म्हणजे रीतही मोडली, शब्दही मोडला, आणि मुलीचं लग्नही. क्षमा मागावी म्हणून त्याने तोंड उघडलं, पण होडीत बोलायचं नाही हा नियम त्याने स्वतःच आत्ता गर्जून सांगितला होता. त्याने तोंड मिटलं. डोळ्यांत पाणी आलं ते अंधारात कुणाला दिसायचा प्रश्न नव्हता. वल्हं उचलावं आणि परत फिरावं, एवढंच आता उरलं होतं. पण म्हातारीने हात वर करून त्याला थांबवलं.

दोघं तशीच बसून राहिली. डास कानाशी गुणगुणत होते, भरतीचं पाणी मुळांतून झिरपत होतं. बऱ्याच वेळाने खालच्या फांदीवर एक काजवा लुकलुकला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग एका बाजूची डहाळी उजळली आणि तिला दुसऱ्या बाजूने उत्तर दिलं. ती सगळी हळूहळू एका ठेक्यात येत गेली आणि थोरली पुन्हा पहिल्यासारखी उजळू लागली, विझू लागली. तेव्हा कुठे म्हातारीने हात खाली घेतला.

होडी परत फिरली. नदी एवढी लांब आहे हे बाहारोमला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. घरी जाऊन मुलीला काय सांगायचं, हे तो वल्ह्यागणिक जुळवत होता आणि जुळत नव्हतं.

धक्क्यावर त्याने खाली मान घालून तिला हात दिला. ती वर चढली, चपला नीट केल्या, छत्री काखेत मारली आणि लाल दिव्याखाली त्याच्याकडे वळली.

“आता पाण्यावर नाही आपण. बोललं तर चालेल ना?”

“बोला. काय हवं ते बोला,” बाहारोम म्हणाला.

“आमचं गाव नदीच्या तोंडाशी. तिथेही अशीच दोन्ही काठांनी झाडं होती. कोळंबीची तळी खणायला माणसं आली तेव्हा आमच्या गावात एकापेक्षा एक सभ्य लोक होते. माझा म्हातारा त्यांतला पहिला. आलेल्यांना चहा दिला. मी म्हटलं, अहो, काहीतरी बोला. तर म्हणाला, पाहुणे आहेत, चालायचंच. वर्षभरात काठावर एक झाड राहिलं नाही. तो मरेपर्यंत दारात बसून भरती-ओहोटी बघायचा, पण ते त्याच्या मनातून गेलं नाही.” ती थोडं थांबली. “नाझमी म्हणाला होता, मुलीचा बाप काजव्यांसाठी कुणाच्या बापाला भीत नाही. मी खास तेवढं बघायला आले होते. आणि मागच्या वेळी तुम्ही मला काय म्हणालात?”

बाहारोमला काय म्हणालो ते आठवलं. त्याच्याने मान वर करवेना.

“आज मात्र कानठळ्या बसल्या माझ्या,” माक लोंग म्हणाली. मग तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली, आवाज बदलला, आणि अशा वेळी थोरामोठ्यांनी बोलायचं तसं, आडून आडून म्हणाली, “पाक बाहारोम, तुमच्या अंगणात एक फूल आहे असं कानावर आलंय. कुणी मागितलं नसेल, तर विड्याचं तबक घेऊन येत्या शुक्रवारी यावं म्हणते.”

यावर मुलीच्या बापाने तितकंच आडून, तितकंच गोड उत्तर द्यायचं असतं. गावभर ज्याच्या जिभेचा धाक, त्या बाहारोमला एक ओळ सुचेना. त्याने दोनदा घसा खाकरला.

“फूल आहे,” तो शेवटी म्हणाला. “पण आधीच सांगून ठेवतो, माक लोंग. बोलण्यात बापावर गेलीय.”

“बरं झालं. आमच्या काठावर बोलणारं कुणी उरलं नाहीये.”

बाहारोमने डोळे पुसले. या वेळी लाल दिव्यात ते दिसलं, आणि त्याने दिसू दिलं. घरी चला, मुलीला तुम्हीच सांगा, माझ्यावर तिचा विश्वास बसायचा नाही, असं तो म्हणाला. दोघं निपाच्या झापांमधल्या पायवाटेला लागली. धक्क्याचा दिवा मागे राहिला तशी माक लोंग थबकली आणि पिशवीत हात घालून तिने विचारलं, “वाट दिसत नाही हो. आता लावू का दिवा?”

बाहारोमने वळून नदीकडे एकदा पाहून घेतलं.

“लावा,” तो म्हणाला. “पण खाली धरा.”